तुळशीची जुडी

थाई भाषेत संस्कृत शब्द पुष्कळ आहेत, तेव्हा बँकॉकमध्ये परके वाटणार नाही, असे जाण्यापूर्वी मला सांगण्यात आले होते. ते खोटे नव्हते. तिथे विद्यापीठाला 'महावित्थयालाय' म्हणतात, भाषेला 'फासा', आणि शाकाहाराला 'मांगसविरात', म्हणजे सरळ 'मांसविरती'. पण हे शब्द पाट्यांवर भेटतात. बाजारात भात 'खाव' असतो, पाला-भाजी 'फाक' आणि मासा 'प्ला'. २०१४ ते २०१७ या तीन वर्षांत माझ्या सर्वाधिक कामी आला तो 'माय साय', म्हणजे 'घालू नका'. तोही अर्धाच. माशांचा खारट अर्क घालू नका म्हटले की विक्रेती हसे. तिच्या लेखी ते मीठच होते.

ख्लोंग तोइच्या बाजारात तुळशीच्या जुड्या पाहिल्या, कोथिंबिरीसारख्या रचलेल्या, वर पाण्याचा शिपका मारलेल्या. तिचे तिथले नाव 'कफ्राव'. शेजारची 'होरफा' आपल्या सब्जाची बहीण. ही मात्र थेट तुळसच. ठेचलेला लसूण, मिरच्या आणि बहुधा डुकराचा खिमा यांबरोबर ती मोठ्या आचेवर परततात, भातावर वाढतात आणि वर तळलेले अंडे ठेवतात. दुपारी घाईत असलेला माणूस दुसरे काही सुचले नाही की हेच मागवतो.

आमच्या घरी द्वादशीला तुळस तोडत नसत. एरवीही तोडण्यापूर्वी हात जोडायचे. नैवेद्यावर एक पान, बस्स. फोनवर आईने विचारले, "तिथे तुळस मिळते का रे?" "मिळते की, हवी तेवढी," मी म्हणालो. पुढचे सांगितले नाही.

महिन्याभराने तोफू घालून ती खाल्ली. कढईतून उठलेला तो लवंगेसारखा तिखट दर्प मला अनोळखी नव्हता. मात्र त्याने मला देव्हारा नव्हे, काढा आठवला: ताप, घोंगडी, पितळेचा पेला. वृंदावनातल्या तुळशीचा वास मी कधी नीट घेतलाच नव्हता. तिच्याभोवती फिरण्याची रीत होती, तिला चुरगळण्याची नव्हे.

पुढे एका जुडीतल्या दोन काड्या पेल्यात ठेवल्या. त्यांना मुळे फुटली. रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून तो गॅलरीत ठेवला. आमच्या मजल्याची साफसफाई करणाऱ्या मावशी येता-जाता जेवणासाठी चार पाने खुडून नेत. मी गावी गेलो की पाणीही त्याच घालत.