दुसरा गडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत चिरंजीवांनीं मला ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळावयास बसविलें. १९९९ सालीं ‘हाफ-लाइफ’ या खेळांत फेरफार करून तो निघाला. सामना बहुधा पांच विरुद्ध पांच. बंदुकीचे खेळ मला प्रिय नाहींत, हें माझ्या वर्गांतील मुलांस ठाऊकच आहे.

ज्याचा नेम अचूक तो जिंकतो, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. दाराआड शत्रू दबा धरून बसला असतां पहिला गडी आंत शिरतो व पुष्कळदां तोच पडतो. परंतु शत्रूची बंदूक त्याच्याकडे वळली असतांनाच दुसर्‍यानें पुढें होऊन शत्रूस टिपावें, म्हणजे हिशेब बरोबर. यास ‘ट्रेड’ म्हणतात. दोघांतील अंतर वाढलें तर शत्रू सावरतो व दोघांस एकेकटें गांठतो. अगदीं चिकटून चालल्यास एकाच हातगोळ्यानें दोघेही घायाळ. बचावांत दोघांनीं निरनिराळ्या कोनांतून एकाच दारावर नेम धरावा. शत्रू एकाकडे वळला कीं दुसर्‍यास त्याची कूस मोकळी सांपडते.

एकदां मुलगा म्हणाला, “बाबा, मी शिरतों, लगेच या.” तो शिरला. मी कोपर्‍यांतच थांबलों. उगीच मरावें कशाला, असें मनांत आलें. मग गेलों, आणि पडलों.

या खेळांत पडलेला गडी डाव संपेपर्यंत सोबत्याच्या डोळ्यांनीं पाहतो. माझें थांबणें त्यानें पाहिलें होतें. तो कांहीं बोलला नाहीं. पुढच्या डावास पुन्हां तोच पुढें निघाला, दाराशीं येतांच म्हणाला, “बाबा, आहांत ना?”