चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते जरा कीव करूनच. पण अमेरिकेत चांगली चार-पाच खोल्यांची घरे असलेली माणसे उन्हाळा आला की हौसेने बिऱ्हाड पाठीवर घेतात. पाठीवर म्हणजे मोटारीच्या पाठीशी. चोवीस-पंचवीस फूट लांबीची, चार चाकांची एक खोली मोटारीमागे जोडायची आणि रानात नाहीतर तळ्याकाठी नेऊन उभी करायची. तिला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत गॅसची शेगडी, फ्रिज, मोरी, झोपायच्या फळ्या, आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे संडास.

सर्वांत महत्त्वाची असे का म्हणते, ते सांगते. मिशिगन राज्यात डेट्रॉईट शहराजवळ आमची लेक-जावई राहतात. त्यांच्याकडे गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघे गेलो होतो. मी, आमचे हे, आणि माझ्या थोरल्या नणंदबाई. वन्संचे वय अठ्ठ्याहत्तर. गुडघे धरलेले, आणि रात्री तीन वेळा उठावे लागते. प्रवास म्हटला की आदल्या संध्याकाळपासून त्यांचे पाणी बंद. गेल्या दहा वर्षांत त्यांनी परगावचे एकही लग्न पाहिलेले नाही. "तुम्ही जा, मी घर सांभाळते" हे त्यांचे ठरलेले वाक्य. विमानाने इतक्या दूर त्या आल्या त्याही डॉक्टरांनी आणि लेकीने दोन महिने धीर दिल्यावर. वाचकहो, हे घर सांभाळण्याचे वाक्य तुमच्याही घरात कोणी वडीलधारी बाई बोलत असेल. त्यामागचे कारण आपण विचारत नाही, आणि त्या सांगत नाहीत.

ऑगस्टात लेकीने उत्तरेकडच्या मोठ्या सरोवरावर जायचा बेत काढला, तेव्हा वन्सं ते वाक्य बोलल्याच. लेक म्हणाली, "आत्या, घर सांभाळायचंय ना? मग घरच बरोबर नेऊ." आणि तिने नऊ दिवसांसाठी एक ट्रेलर भाड्याने ठरवला.

आठ माणसांची झोपायची सोय, असे त्याच्या जाहिरातीत लिहिले होते. ती आठ माणसे एकमेकांवर फारच माया करणारी असावीत. आम्ही सात होतो. म्हणून लेकीने एक छोटा तंबूही घेतला आणि हे व नातू त्यात झोपणार असे पहिल्याच दिवशी ठरवून टाकले. कोणी कुठे झोपायचे हे निघण्यापूर्वी ठरलेले बरे. वन्संची फळी संडासाच्या दारापासून चार पावलांवर, आणि मध्ये पायात येईल असे काहीही ठेवायचे नाही, असा नियमच झाला.

आता सामानाविषयी. इथे बायकांनी जरा लक्ष द्यावे, कारण घरात जे जे लागते ते ते न्यावे असा मोह होतो. आमचा ट्रेलर रिकामा २,२०० किलोचा, आणि भरून ३,००० किलोच्या वर जायला परवानगी नाही. म्हणजे माणसांचे कपडे, अंथरुणे, धान्य, भांडी, गॅस आणि पाणी मिळून ८०० किलो. पाण्याची टाकी १५० लिटरची. ती भरली की १५० किलो तिथेच गेले. त्यामुळे वाटेपुरते पाणी घ्यायचे आणि टाकी मुक्कामाला पोचल्यावर भरायची. वन्संचा पितळी खलबत्ता लेकीने काट्यावर ठेवला, तो साडेतीन किलो भरला. तो घरीच राहिला. भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी आणि पहिल्या दिवसाच्या दशम्या मात्र कुणाच्या काट्याला न जुमानता आल्या.

पण किती वजन, याहून कुठे वजन, हा प्रश्न मोठा. जावई एंजिनियर, ते कागदावर बाण काढून समजावीत होते की भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे मोटारीच्या जोडावर, पडला पाहिजे. मागे वजन जास्त झाले तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि मोटारीलाही हलवतो. आमचे हे साताऱ्याकडच्या खेड्यात वाढलेले. ते ऐकून म्हणाले, "म्हणजे गाडी उलाळ होता कामा नये." बैलगाडीत मागे ओझे झाले की जू वर उचलते, बैलाच्या मानेला फास बसतो; तिला उलाळ म्हणतात. सासऱ्या-जावयाचे गणित त्या एका शब्दात जुळले. मग दोघांनी मिळून तांदळाची पोती, डबे, पुस्तके असे जड ते आसांच्या वर आणि किंचित पुढे लावले, उशा-पांघरुणे मागे. हमरस्त्यावर मालमोटारींसाठी वजनकाटे असतात. तिथे थोडे पैसे भरून सगळे वजन करून घेतले. हे काम कोणी टाळू नये. अंदाज घरातल्या पिठामिठाचा ठीक, रस्त्यावर काटाच हवा.

आणि ट्रेलर डोलू लागलाच तर? जावयांनी लेकीला आणि आम्हालाही पढवून ठेवले होते. ब्रेक दाबायचा नाही, चाक उलटसुलट फिरवायचे नाही. पाय वेगावरून काढायचा, चाक सरळ धरायचे आणि चालकाच्या हाताशी ट्रेलरच्या ब्रेकचे वेगळे बटण असते ते हळूच दाबायचे. ताशी १०० किलोमीटरच्या आत राहायचे, आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही. नातवाने याबद्दल फार हुज्जत घातली. ती चालली नाही.

मुलेबाळे आणि म्हातारी माणसे घेऊन दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे. डेट्रॉईटहून मॅकिनॉची सामुद्रधुनी साडेचारशे किलोमीटरहून थोडी अधिक. तिकडचे लोक एका दमात जातात. आम्ही मध्ये एक मुक्काम केला आणि दुपारी चारच्या आत तळावर पोचलो. उजेडात पोचण्याचे कारण एकच: ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावणे. मोटार मागे घेताना ज्या दिशेला चाक फिरवाल त्याच्या उलट ट्रेलर जातो, आणि नवरा-बायकोही. आमच्या शेजारच्या जागेवर एक वृद्ध अमेरिकन जोडपे तासभर या कामात गुंतले होते. शेवटी बाई पर्स घेऊन चालत निघून गेली. जावयांची युक्ती सोपी वाटली. हात चाकाच्या खालच्या बाजूला धरायचा. मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर वळतो. खाली उभ्या असलेल्या माणसाने ओरडायचे नाही, फक्त हाताने खुणा करायच्या, आणि तो माणूस आरशात दिसेनासा झाला की चालकाने थांबायचेच.

लावून झाले की आधी चाकांच्या पुढे-मागे पाचरी. आपल्याकडे घाटात मालमोटारीच्या चाकाला दगड लावतात, तेच हे. पाचरी लावल्याशिवाय मोटार सोडवली तर बिऱ्हाड एकटेच प्रवासाला निघण्याचा संभव! मग पातळी बघायची. एका बाजूच्या चाकांखाली फळ्या घालून ट्रेलर सपाट करावा लागतो. गॅसवर चालणारे फ्रिज कलत्या जागी बिघडते, आणि कलत्या फळीवर झोपलेले माणूसही.

दुसऱ्या दिवशी मॅकिनॉचा पूल. मिशिगन आणि ह्यूरन ही दोन सरोवरे जिथे मिळतात तिथल्या पाण्यावर १९५७ साली हा झुलता पूल झाला. त्याआधी मोटारी बोटीने पलीकडे जात. लांबी आठ किलोमीटर, आणि मधोमध रस्ता पाण्यापासून सुमारे साठ मीटर उंच. आम्ही पोचलो तेव्हा वारा सुटला होता. अशा वेळी उंच बाजूंच्या गाड्यांना तिथे एकटे सोडत नाहीत. आम्हाला थांबवून, पुढे पुलाची गाडी देऊन, ताशी ३२ किलोमीटरने नेले. आतल्या बाजूच्या मार्गाला लोखंडी जाळी आहे आणि तीतून खालचे पाणी दिसते. आम्ही बाहेरच्या डांबरी मार्गाने होतो तरी मी खाली पाहिले नाही. वन्संनी पाहिले. ज्यांना पुलावर मोटार चालवायची भीती वाटते त्यांची मोटार पुलाचा माणूस पलीकडे नेऊन देतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, "अशी माणसं सगळीकडे नेमायला हवीत."

आमचा खरा मुक्काम टाक्वामेनॉन नदीच्या धबधब्यांपाशी. वरचा धबधबा पंधराएक मीटर उंच आणि साठ मीटर रुंद. देवदारांच्या दलदलीतून झिरपून आल्याने त्याचे पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे. जवळच्या खेड्याचे नाव पॅराडाइज. "म्हणजे स्वर्गच ना? पोचले एकदाची," इति वन्सं.

सरकारी उद्यानातला हा तळ. वीज प्रत्येक जागेवर, पण पाण्याचा नळ आणि सांडपाणी सोडायची जागा सामाईक. इथे माझे राज्य सुरू झाले. गिरगावातल्या चाळीत, सकाळी दोन तास नळ येणाऱ्या घरात मी वाढले, त्यामुळे १५० लिटर पाण्याने मी काही घाबरणार नव्हते. पण ट्रेलरमध्ये पाणी संपण्याआधी दुसरीच अडचण येते: मोरीच्या सांडपाण्याची टाकी भरते. ती भरली की सगळा ट्रेलर पुन्हा जोडून ती रिकामी करायला न्यायचा. तेव्हा ताटे आधी कागदाने पुसायची, मग पातेल्यात विसळायची. अंघोळी तळावरच्या न्हाणीघरात. आतली मोरी आणि संडास फक्त रात्री सर्वांना, आणि दिवसभर वन्संना. नात अमेरिकेत जन्मलेली; धो धो पाण्याखाली अर्धा तास उभी राहणारी. चौथ्या दिवशी ती एका तांब्यात तोंड-हात-पाय धुऊन आली आणि माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहू लागली.

स्वयंपाकाची एक गंमत सांगते. आत धुराची आणि विषारी वायूची सूचना देणारी यंत्रे असतात आणि ती असायलाच हवीत. शेगडी पेटवली की छपराची खिडकी उघडायची, आणि थंडी वाजते म्हणून शेगडीवर खोली गरम करण्याचे साहस कधीही करायचे नाही. पण त्या यंत्राला फोडणी कळत नाही. मोहरी तडतडली की ते किंचाळू लागे. शेवटी फोडणी बाहेरच्या बाकावर, छोट्या शेगडीवर देऊ लागलो. या रानात काळी अस्वले आहेत. तेव्हा जेवण झाले की खरकट्याचा कणही बाहेर ठेवायचा नाही. शेकोटीची लाकडे घरून आणायची नाहीत, हाही तिथला कडक नियम. डेट्रॉईटच्या बाजूला २००२ साली एक हिरवा भुंगेरा सापडला, त्याने त्या देशातली कोट्यवधी ॲशची झाडे मारली, आणि तो अशा सरपणातून गावोगाव पसरतो.

संडासाच्या टाकीविषयी लिहू की नको असा विचार केला. पण दिवाळी अंकात खोटी सोवळी कशाला? टाकीत आधी थोडे पाणी असू द्यावे आणि तिची झडप रिकामी करण्याच्या वेळेखेरीज बंदच ठेवावी. रिकामी करताना संडासाची आधी आणि मोरीची मागाहून, म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे हवेतच. तिथल्या नळाचे पाणी कधी पिऊ नये; पिण्याच्या पाण्याची नळी निराळी ठेवावी. हे काम जावयांनी विनातक्रार केले. वन्संना आधी शेगडीपासून संडास चार हातांवर, हे फार खटकले होते. मध्ये जाड पडदा लावल्यावर त्या गप्प बसल्या.

सहाव्या दिवशी आम्ही सुपीरियर सरोवराच्या काठी ट्रेलर नेला. सरोवर कसले, समुद्रच! महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठे, आणि पाणी गोडे. १९७५ च्या नोव्हेंबरातल्या वादळात २२२ मीटर लांबीचे एक मालवाहू जहाज २९ माणसांसह याच बाजूला बुडाले. त्या दिवशी मात्र ते शांत होते. वन्संना खुर्ची टाकून दिली. चार वाजता मी चहा केला. त्यांनी कप संपवला, पाण्याकडे पाहत जरा बसल्या आणि कप पुढे करून म्हणाल्या, "अजून आहे का गं?" प्रवासात त्यांनी दुसरा कप मागितलेला मी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. लेकीने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघी काही बोललो नाही. मी पुन्हा आधण ठेवले.

आपल्याकडे हे जमेल का, असे पुष्कळजणी विचारतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. आपल्या घाटांच्या वळणांवर मोटारीमागे ओढायच्या ट्रेलरपेक्षा एकाच सांगाड्यावरची गाडी मला अधिक सोयीची वाटते. पण गाडी घेण्याआधी तळावर स्वच्छ पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय आहे का ते विचारावे. जागा आधी ठरवाव्यात; मिशिगनच्या उद्यानांत त्या सहा महिने आधीपासून राखता येतात आणि चांगल्या जागा लगेच संपतात. सुट्टी तीन दिवसांची असेल तर या फंदात पडू नये. एक दिवस मांडामांडीत जातो आणि एक आवरण्यात.

निघायच्या सकाळची यादी लेकीने मराठीत लिहून वन्संच्या हाती दिली होती. चष्मा लावून त्या खुर्चीवर बसत आणि एकेक शब्द मोठ्याने वाचत, आणि "झालं" असे उत्तर आल्याखेरीज पुढे जात नसत. छपराची खिडकी. गॅस बंद. कपाटांच्या कड्या. पायरी आत. विजेची तार. जोडाची खीळ. साखळ्या, त्याही दांडीखालून तिढा घालून. मागचे दिवे, ते नातवाने मागे उभे राहून पाहायचे. सर्वांत शेवटी पाचरी. शेवटच्या दिवशी जावई घाईने चालकाच्या जागी जाऊन बसले, तशी वन्संनी काठी आपटली.

"जावईबापू, उतरा. डाव्या बाजूची पाचर अजून चाकाखालीच आहे."