वीणा खाली ठेवायची नाही

सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. माघात, गजानन महाराजांच्या प्रकटदिनाच्या आसपास, नांदुऱ्याच्या पंचक्रोशीत गावोगावी मांडव पडतात. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी, दुपारी गाथाभजन, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. कार्यक्रम बदलतात, पंगती उठतात, माणसं शेताकडे पांगतात. वीणेकरी उभाच असतो. त्याचा पहारा संपत आला की दुसरा येतो, दोघं एकमेकांना नमस्कार करतात, पट्टा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. तार वाजतच राहते. असे 168 तास.

मी समकालीन नृत्य करते आणि माझं सध्याचं सगळं काम या अदलाबदलीभोवती फिरतं आहे.

काळ सरला हे रंगमंचावर दाखवायचं तर आपण प्रकाश मंद करतो, घड्याळाची टिकटिक ऐकवतो, नर्तकीला वाकून चालायला लावतो. पहाऱ्यात काळ पोटऱ्यांत उतरतो. सुरुवातीला वजन दोन्ही पायांवर सारखं असतं. मग ते टाचांकडे सरकतं, पट्ट्याखालचा खांदा नकळत वर येतो, कंबर एका बाजूला कलते. एका हाताची बोटं तारेवर, दुसऱ्या हातात चिपळ्या, त्यामुळे कुठे टेकायची सोय नाही. एका जुन्या वीणेकऱ्यांनी मला उभं राहायला शिकवलं. ‘गुडघे ताठ करू नोको पोरी, मोकये ठेव,’ एवढंच ते म्हणाले. शरीरशास्त्र त्यांच्या बाजूने आहे: गुडघे आवळून फार वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते, पोटरीचे स्नायू जरा जरा हलत राहिले तर ते रक्त वर ढकललं जातं. मुरलेला वीणेकरी चिपळीच्या ठेक्यावर वजन इकडून तिकडे असं नेतो की समोरच्याला पत्ता लागत नाही. महामार्गावरून जाणारे लोक नांदुरा ओळखतात ते 105 फुटी हनुमानामुळे. ती मूर्ती थकत नाही. माझं कुतूहल थकणाऱ्या आणि तरी उभ्या राहणाऱ्या शरीराचं आहे.

या वाटेवर मला नृत्यरचनाकार चंद्रलेखा भेटल्या, अर्थात त्यांच्या कामातून. 1928 साली महाराष्ट्रातल्या वाडा या गावी जन्मलेल्या या बाईंनी भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम 1952 मध्ये केला, तो रायलसीमेतल्या दुष्काळनिधीसाठी. यमुनेच्या पाण्यातली क्रीडा नाचून दाखवताना त्यांच्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन आली आणि शरीर जणू गोठलं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागू नये. पुढे त्यांनी ‘अंगिका’ रचलं, 1995 मध्ये काळावरचं ‘महाकाल’ आणि 2001 मध्ये ‘शरीर’. ‘शरीर’मध्ये गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदावर हालचाल इतकी संथ चालते की पाय उचलला कधी आणि ठेवला कधी, हे शोधत बसावं लागतं. देवाचं नाव न घेता पूजेची एकाग्रता उभी करता येते, हे मला तिथे पटलं.

म्हणूनच विधी रंगमंचावर आणायचा म्हणून समया, धूर, बुक्का आणि ध्वनिमुद्रित मंत्र आणणाऱ्या प्रयोगांशी माझं जमत नाही. हे पूजेचं सामान झालं. विधीचा कणा त्याच्या वेळात असतो आणि तो वेळ कुणी अंगावर घ्यायचा, या जबाबदारीत असतो. हरिपाठाची पावली पहिल्या संध्याकाळी आणि सातव्या संध्याकाळी तीच असते, पण सातव्या दिवशी पाऊल आखूड पडतं, टाळ जमिनीच्या जवळ येतात आणि माणसं एकमेकांच्या जास्त जवळ सरकतात. असा बदल बसवून घेता येत नाही. तो यायला सहा दिवस जावेच लागतात.

आमच्या रचनेत वीणा नाही. एक नर्तकी छातीपुढे हात धरून उभी राहते, बाकीच्या पावली चालतात. कुणी कधी सोडवायचं हे ठरलेलं नाही. उभी असलेली इशारा करत नाही, चालणारीने तिचा खांदा, तिची मान, तिचा श्वास वाचून यायचं. तालमीत सगळ्यांत जास्त वेळ या वाचण्यावर जातो. तरुण मुली पहिल्यांदा दयेपोटी लवकर येतात. मग हळूहळू त्यांना कळतं की लवकर येणं म्हणजेही तिचा पहारा हिरावून घेणं.

पुण्यातल्या प्रेक्षकांनी या उभं राहण्याला ध्यान म्हटलं, शांत वाटलं असंही सांगितलं. नांदुऱ्यात एका मंगल कार्यालयात प्रयोग केला तेव्हा मागच्या रांगेतून एक आजी मोठ्याने म्हणाल्या, ‘आता सोडवा ना तिले!’ दोन-तीन बायकांनी मान डोलावली. एक तर चप्पल काढून उठलीसुद्धा, शेजारणीने तिला बसवलं. त्यांना ध्यान दिसलं नव्हतं, पाळी दिसली होती, आणि ती चुकते आहे असं त्यांना वाटलं होतं. माझ्या मते त्यांचं वाचन जास्त बारीक होतं.

त्या बाईला बसवायला नको होतं. पुढच्या प्रयोगात प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसतील, नर्तकीच्या पोटऱ्या दिसतील इतक्या जवळ. ज्यांना वाटेल त्यांनी उठून यावं आणि तिला सोडवावं, आणि मग त्यांना सोडवायला कुणी येईपर्यंत उभं राहावं. सध्या आमच्या मुली एवढ्याचीच तालीम करताहेत: नाच न शिकलेल्या माणसाकडे आपला पहारा कसा सोपवायचा आणि तो थकला हे कसं ओळखायचं.