पिशवीतला चाकू

चि. मनूस,


खडकवासल्याला इतकी वर्षं चकचकीत राहिलेला चाकू मुंबई बंदरात आल्याबरोबर गंजला, आता कुठलं स्टील घेऊ, एवढंच तू विचारलंस. उत्तर देऊन मोकळा झालो असतो. पण जाता जाता लिहिलंस की तो ‘ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत असतो, लागला की काढते.’ लागला की काढते! शिडाचा दोर पायाला गुरफटला आणि बोट कलंडली, तर पिशवीची चेन शोधत बसणार आहेस का? तुझ्या आईला हे वाक्य वाचून दाखवलेलं नाही. उपकार समज.

आधी गंजाचं सांगतो, म्हणजे पुढचं वाचशील तरी. स्टेनलेसमध्ये निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवा लागली की पात्यावर त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो, ओरखडा पडला तरी पुन्हा धरतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यातलं क्लोराइड या थराला भोकं पाडतं. उघड्यावर थर सावरतो. ओल्या फडक्यात, चामड्याच्या म्यानात, घडीच्या चाकूच्या खिळ्यापाशी ऑक्सिजनच पोचत नाही, मग सावरणार कसा? तुझा चाकू समुद्राने खाल्ला त्याहून जास्त त्या फडक्याने खाल्लाय. नीट बघ, मुठीच्या कडेला आणि कंपनीचं नाव कोरलंय तिथे तपकिरी ठिपके असतील.

दुकानदार ‘मरीन ग्रेड’ म्हणून ३१६ गळ्यात मारेल. शॅकलला, कठड्याला ते उत्तम; पण तापवून विझवून ते कडक होत नाही, त्यामुळे धार टिकत नाही. ४४०सी धार छान धरतं, कारण त्यात कार्बन टक्क्याच्या आसपास असतो. पण तोच कार्बन क्रोमियमला कार्बाइडमध्ये गुंतवून ठेवतो, म्हणून खाऱ्या पाण्यात त्याची रोज निगा ठेवावी लागते. एच१ आणि एलसी२००एन या स्टीलमध्ये कार्बन कमी ठेवून नायट्रोजन घातलाय. त्यांना खारं पाणी जवळजवळ बाधत नाही. महाग आहेत. परवडलं तर एलसी२००एन घे, नाही तर साधं स्टेनलेस घेऊन गोड्या पाण्याने धू, कोरडं कर, खोबरेल चोळ. बापूंच्या मचव्यावर तर साधी लोखंडी सुरीच होती. तांडेल रोज सकाळी दगडावर घासायचे, धारेला गंज चढायला फुरसतच मिळायची नाही.

पण मनू, स्टील राहू दे बाजूला. टोक नको! किती वेळा सांगितलंय. दोर कापायचा तो हलत्या बोटीवर, घाबरलेल्या हाताने, स्वतःच्या मांडीलगत नाही तर दुसऱ्याच्या लाइफजॅकेटखाली. तिथे टोकाचं काय काम? हवेच्या जॅकेटला एक टोचणी पुरते. पातं पुढे बोथट हवं, निम्मी धार दातेरी हवी, म्हणजे नायलॉनवरून घसरत नाही. घडीचा नको, कारण उघडायला दोन हात लागले तर बोटीला धरणार कशाने? मूठ भडक रंगाची, आणि चाकू जॅकेटला दोरीने बांधलेला. दोरी हात पूर्ण लांबवता येईल एवढी. लांब पल्ल्याच्या सागरी शर्यतींच्या नियमांतही हेच आहे: मजबूत, धारदार चाकू, म्यानात, पक्का बांधलेला आणि कॉकपिटमधून हाताशी येणारा. स्टील कुठलं, ते तिथे कुणी विचारत नाही.

आणि ‘मला पोहता येतं’ हे मला ऐकवू नकोस. हर्णैला ज्याच्या पायात जाळ्याचा दोर अडकला तो तुझ्याहून आणि माझ्याहूनही चांगला पोहायचा.

नवा चाकू आला की जॅकेट घालून, डोळे मिटून काढून बघ. उजव्या हाताने, मग डाव्या. एक हात जरी पोचला नाही तरी जागा बदल. पूर्वेच्या वाऱ्यात एकटी जाऊ नकोस. रविवारी बरोबर येतो तो मुलगा, त्याच्याकडे चाकू असतो का गं? नसेल तर दोन घे. पैसे मी पाठवतो, त्यावर वाद नको.

तुझा,
मामा