हात आवरण्याची दया

जालन्यातील एका व्यापारी घराच्या परसात, जास्वंदीवरील घरट्यातून बुलबुलाचे पिल्लू खाली आले. आजींनी करुणेने ते कापसात ठेवून दूध पाजले. पहाटे ते गतप्राण झाले. पाखरांना दूध पचत नाही. पिल्लांना किडे लागतात, आणि ते भरवणे आजींच्या व्रतात बसणारे नव्हते.

दोन दिवसांनी दुसरे पिल्लू उतरले. ‘‘पिसे फुटलेली पिल्ले नीट उडता येण्यापूर्वीच घरटे सोडतात, आजी. आईबाप त्यांना खालीही भरवतात. पिसे नसती, तर घरट्यात परत ठेवले असते,’’ नातू म्हणाला.

आजी केवळ मांजराला हुसकावत ओसरीवर बसून राहिल्या. सायंकाळी सामायिकाला बसण्यापूर्वी त्यांनी पाहिले, पिल्लू फांदीवर होते. हात आवरणे हीही जीवदयाच, हे त्यांना उमगले.