टेलचं पाणी आणि हरिश्चंद्रगड

उन्हाळी कांद्याची लागण चालू आहे, त्यामुळं पंधरा दिवस इथं काही लिहिलं नाही. आजची नोंद रानातली नाही, डोंगरातली आहे. पण आहे पाण्याचीच, म्हणून इथंच लिहितो.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या हायस्कूलचं स्काऊट पथक हरिश्चंद्रगडाला गेलं. बावीस पोरं, दोन सर आणि मदतीला चार पालक. माझा धाकटा नववीला आहे, म्हणून मी गेलो. माझा चुलतभाऊही होता, कारण त्याचा पोरगा त्याच संघात आहे. पोरं एका ताटात जेवणारी. आम्ही दोघं मात्र दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो.

कारण तुम्हाला सांगायला नको. आमची दोघांची रानं मुळा उजव्या कालव्याच्या एकाच पोटचारीवर, नेवासा तालुक्यात. माझं आधी, त्याचं अगदी शेवटी. दोन वर्षांपूर्वी मार्चच्या आवर्तनात त्याच्या कांद्याला ऐन फुगवणीत पाणी पोचलं नाही. निम्मा माल गोल्टी निघाला. त्यानं चारचौघांत माझं नाव घेतलं. मी म्हणालो, वरूनच पाणी कमी आलं. तिथून बोलणं बंद.

जायच्या आदल्या दिवशी सरांनी सगळ्यांच्या सॅक उघडून बघितल्या. जड वस्तू पाठीला चिकटून भरायच्या, पाणी माणशी तीन लिटर, शिट्टी गळ्यात, विजेरी हाताला येईल अशी. माझ्या सॅकमध्ये घरच्यांनी वीस भाकरी, ठेचा आणि दशम्या कोंबल्या होत्या. सर हसले आणि निम्म्या भाकरी पोरांत वाटून दिल्या. मग जोड्या लावल्या. स्काऊटमध्ये डोंगरात कुणी एकट्यानं चालायचं नाही, जोडीदाराला नजरेआड करायचं नाही. पालकांच्याही जोड्या लागल्या. माझ्या वाट्याला चुलतभाऊ आला. सरांना आमचं माहीत होतं की नव्हतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

अकोले, राजूर करत पाचनईला पोचलो. भात कापणीला आला होता. उताराच्या तुकड्यांवर नाचणी आणि वरई. माती म्हणाल तर वीतभर, खाली सगळा काळा खडक. आपल्याकडं कमरेएवढ्या काळ्या मातीत उभं राहून आपण रान नापीक झालं म्हणतो. तिथली माणसं त्या वीतभर मातीला दगडाचा बांध घालून एक ढेकूळ खाली जाऊ देत नाहीत. पोरांना मी ते बांध मुद्दाम दाखवले.

गड चढायला अडीच तास लागले. वर हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, बाजूला केदारेश्वराची लेणी. कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात मोठं शिवलिंग, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. सरांनी पोरांना सांगितलं, चांगदेवांनी तत्त्वसार हा ग्रंथ याच गडावर लिहिला. आमच्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि चांगदेव इथं बसले, हे ऐकून पोरं जरा गप्प झाली.

दुपारी कोकणकड्यावर गेलो. सरांनी कड्यापासून लांब सगळ्यांना पोटावर झोपवलं आणि एकेकाला सरपटत पुढं नेऊन खालचं कोकण दाखवलं. निघताना चार वाजून गेले होते. तेवढ्यात खालून ढग वर आले. दहा मिनिटांत पुढचा माणूस दिसेना.

मी पोरांच्या मागं झपाझप चाललो होतो. चुलतभाऊ मागं होता. त्याचा गुडघा धरतो हे मला माहीत होतं. पण थांबलो तर बोलावं लागलं असतं. देवळापाशी सरांनी मोजणी घेतली. पोरं बावीस. मोठी माणसं पाच.

सरांनी माझ्याकडं बघितलं. "तुमचा जोडीदार?"

मला उत्तर देता आलं नाही. त्याचा पोरगा माझ्यासमोर उभा होता. "काका, आप्पा कुठंयत?" एवढंच म्हणाला.

दुसऱ्या सरांना पोरांपाशी ठेवून सर आणि मी विजेऱ्या घेऊन मागं फिरलो. जाताना पोरांनी प्रत्येक फाट्यावर दगडांचे बाण मांडले होते. येताना शेवटच्यानं खुणा मोडायच्या असतात. शेवटचा आमचा हा गडी, तो मागंच राहिलेला, म्हणून बाण जागेवर होते. त्याच बाणांवर आम्ही उलटे चाललो. सर शिट्टी मारायचे, मग थांबून कान द्यायचे. तिसऱ्या फाट्यावर शिट्टीला शिट्टी आली.

तो एका खडकाला टेकून बसला होता. गुडघा सुजलेला.

"वाट दिसेना. मग हललो नाही," म्हणाला. हेच बरोबर केलं, नाहीतर त्या पठारावर धुक्यात माणूस कुठं जाईल सांगता येत नाही. सरांनी क्रेप बँडेज बांधलं, माझी काठी त्याला दिली, आणि त्याचा एक हात माझ्या खांद्यावर आला. दोन वर्षांनी.

देवळाजवळ एक छोटा दगडी पूल आहे. खालून ओढा वाहतो, त्याला मंगळगंगा म्हणतात. तो पाचनईकडं उतरतो आणि ते पाणी पुढं मुळेला लागतं. सर पोरांना सांगायला पुढं गेले आणि आम्ही दम खायला पुलावर टेकलो. विजेरीच्या उजेडात पाणी बघितलं. मनगटाएवढी धार. असे कितीतरी ओढे मिळून आपलं 26 टीएमसीचं धरण भरतं, तिथून कालवा, कालव्याची चारी, चारीची पोटचारी आणि शेवटी आमची सरी. आपल्याकडं पाऊस वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. या डोंगरावर पडतो म्हणून आपण बागायतदार.

मी म्हणालो, "त्या मार्चात पाणी वरून कमी आलं नव्हतं. तुझ्या पाळीत मी रात्री तीन तास दारं धरली."

तो म्हणाला, "माहितीये. चारीच्या गाळात तुझ्या गमबुटाचे ठसे होते. येतानाचेबी आणि जातानाचेबी. आठवीला आपण दोघं स्काऊटला होतो, इसरलास का?"

मला हसू आलं आणि लाजही वाटली. तो हसला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "तू येऊन सांगशील, याची वाट बघितली."

रात्री पाचनईच्याच एका कुटुंबानं तांदळाची भाकरी आणि पिठलं खाऊ घातलं. माझ्या ठेच्यातला अर्धा त्याच्या ताटात गेला. पोरं आमच्याकडं बघत होती, पण कुणी काही बोललं नाही.

आता रानातलं सांगतो. या हंगामात आम्ही दोघांनी पाळीचं कागदावर मांडलंय. आधी त्याचं भिजणार, मग माझं. रात्रीच्या पाळीला दोघांनी सोबत जायचं, एक दाऱ्यावर आणि एक चारीवर. माझ्या उसाला सरीआड सरी पाणी देतोय, त्यामुळं माझी पाळी लवकर उरकते. त्याची दोन वर्षांपूर्वीची नुकसानी मी भरून देऊ म्हणालो. तो नको म्हणाला. पण यंदा त्याच्या लागणीला माझ्या घरची चार माणसं जाताहेत, त्याला त्यानं नको म्हटलं नाही.

पोरांना डोंगरात नेणाऱ्यांसाठी एवढंच: मोजणी प्रत्येक थांब्यावर घ्या, शिट्टी पोरांच्याच नाही तर मोठ्यांच्याही गळ्यात द्या, चार वाजता कड्यावर राहू नका. आणि जोडीदार आवडता असो वा नसो, त्याला मागं टाकू नका.

तुमच्याकडं टेलच्या शेतकऱ्याला पाळी कशी देतात, ते खाली लिहा. आमच्या चारीवर कामाला येईल.