नाडी बघून इंजेक्शन

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात हाउसमन होतो. यकृतात अमीबाचं गळू झालेले रुग्ण वॉर्डात नेहमी असत. बहुतेक कष्टकरी पुरुष, त्यातले बरेच ताडी-दारू घेणारे. उजवी कूस धरून, वाकूनच चालत येत. अंगात ताप, आणि कळ थेट उजव्या खांद्यापर्यंत.

वसईकडच्या एका मामांच्या बरगड्यांमधून आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी, म्हणजे सरांनी, जाड सुई घातली. सिरिंजमध्ये दाट, चॉकलेटी पू येऊ लागला. किडनी ट्रे भरला तरी थांबेना. पू म्हणायचा एवढंच. अमीबाने विरघळवलेलं यकृतच होतं ते.

मेट्रोनिडॅझोल तेव्हा नवं होतं. अत्यवस्थ रुग्णासाठी सरांची भिस्त जुन्या जोडीवर होती: इमेटिनची इंजेक्शनं आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या. इमेटिन हे ब्राझीलच्या इपिकाक नावाच्या झुडपाच्या मुळांतलं द्रव्य. 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी ते टोचून द्यायला सुरुवात केली. क्लोरोक्विन कारखान्यात बनलेलं. ते यकृतात साठून राहतं, म्हणून तिथल्या अमीबावर चालतं.

इमेटिन द्यायचं ते जीव मुठीत धरून. किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम, 60 च्या वर नाही, 10 दिवसांपुढे नाही. प्रत्येक इंजेक्शनाआधी नाडी आणि रक्तदाब. रुग्णाने खाटेवरून उतरायचंसुद्धा नाही.

मामांना बेडपॅनची लाज वाटे. एकदा उठून संडासाकडे निघाले, तेव्हा सिस्टरांनी आणि मी त्यांना धरून परत झोपवलं. त्यांचा भाऊ म्हणाला, "डॉक्टर, झाडपाल्याचंच औषध ना? मग त्याला एवढं काय घाबरायचं?"

हा प्रश्न मला पुढे आयुष्यभर ऐकायला लागला, आणि दर वेळी मी तितक्याच तळमळीने उत्तर दिलं. इमेटिन अमीबाच्या पेशीत प्रथिनं बनू देत नाही, म्हणून तो मरतो. पण हृदयाचा स्नायूही पेशींचाच असतो. मुळातून आलंय म्हणून ते कुणाची गय करत नाही.

मामांची नाडी धावू लागली, ईसीजीत टी लहरी उलट्या झाल्या. सरांनी इमेटिन तिथेच बंद केलं. सोबत क्लोरोक्विन चालू होतं, म्हणूनच इमेटिन बंद करायची हिंमत झाली. जोडीची खरी किंमत मला त्या दिवशी कळली. ताप हळूहळू उतरला, मामा जेवू लागले.

राहिला आतड्यातला अमीबा. क्लोरोक्विनचा तिथे उपयोग नाही. घरी सोडताना त्यासाठी डायलोक्सानाइडच्या गोळ्या लिहून दिल्या आणि घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्यायला भावाला बजावून सांगितलं.